वेचा आणि निवाडा : मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वचिंतनातील वाचनाचा नैतिक प्रश्न

युरोपातील मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचा इतिहास आपल्याकडे बहुधा सिद्धान्तांच्या क्रमाने शिकवला जातो. ऑगस्टीनपासून आरंभ करायचा, अन्सेल्मच्या ईश्वरास्तित्वाच्या प्रमाणाकडे यायचे, सामान्यांच्या स्वरूपाविषयी वास्तववादी आणि नामवादी यांच्यात झालेला वाद सांगायचा, अरबी भाष्यांसह युरोपात परतलेल्या ॲरिस्टॉटलची दखल घ्यायची, थॉमस अक्वायनसने श्रद्धा आणि बुद्धी यांचा घातलेला मेळ वर्णायचा, आणि ओकमच्या हातून तो कसा उसवला हे सांगून थांबायचे. ही मांडणी चुकीची आहे असे म्हणता येणार नाही. मात्र हे चिंतन कोणत्या लेखनरूपांतून घडले, ते घडवणारी माणसे एकमेकांच्या संहिता कशा वाचत होती, हा प्रश्न तीत उपस्थितच होत नाही. साहित्यविचाराच्या अभ्यासकाने तो उपस्थित करायला हवा; कारण त्या वाचनपद्धतीतून केवळ ग्रंथ निर्माण झाले असे नाही, तिच्यातून माणसे दोषी ठरली आणि क्वचित जाळलीही गेली.

त्या वाचनपद्धतीचे मूलद्रव्य म्हणजे वेचा. चर्चच्या आद्य आचार्यांच्या ग्रंथांतून वाक्ये वेचून ती विषयवार लावण्याची प्रथा जुनीच. अशा वेच्याला लॅटिनमध्ये 'सेन्तेन्तिया' म्हणत. या शब्दाचे अर्थ पाहण्यासारखे आहेत : अभिप्राय, अर्थपूर्ण वाक्य, आणि न्यायाधीशाने दिलेला निवाडाही. पीटर लोम्बार्डने ११५०च्या दशकात याच नावाचा संग्रह चार भागांत सिद्ध केला. त्यात त्याचे स्वतःचे असे थोडे. बहुतेक वेचे ऑगस्टीनचे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात हेल्सच्या अलेक्झांडरने पॅरिसमध्ये तो अध्यापनासाठी आधारभूत मानला, आणि पुढे सुमारे तीन शतके धर्मशास्त्राचा आचार्य होऊ इच्छिणाऱ्याला त्यावर व्याख्याने द्यावी लागत. अक्वायनसने दिली, डन्स स्कोटसने दिली, ओकमने दिली, सोळाव्या शतकाच्या आरंभी तरुण ल्यूथरनेही दिली. मौलिकतेचा दावा न करणारा एक संग्रह इतक्या मौलिक विचारवंतांचे प्रवेशद्वार व्हावा, हे आपल्या आजच्या लेखकविषयक कल्पनांना थोडे बोचणारेच आहे.

वेच्याची ही पद्धत निर्जीव घोकंपट्टी होती असा समज करून घेण्याचे कारण नाही. वाक्य ग्रंथापासून सुटे झाले की त्याच्याभोवतीचे पूज्यतेचे वलय काहीसे विरते; ते तपासता येते, दुसऱ्या वाक्यासमोर उभे करता येते. विद्यापीठांतील 'प्रश्न' या लेखनरूपाची उभारणीच यावर झाली. आधी 'असे दिसते की' म्हणून प्रतिकूल युक्तिवाद मांडायचे, मग 'उलटपक्षी' म्हणून एखादे प्रमाणवचन द्यायचे, नंतर स्वतःचा निर्णय, आणि शेवटी आरंभीच्या एकेका युक्तिवादाला उत्तर. मीमांसेतील अधिकरणाशी परिचित असलेल्या वाचकाला यात विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त ही ओळखीची चाल सापडेल. या रचनेत इब्न रुश्द हा मुसलमान भाष्यकार आणि मायमोनिडीझ हा यहुदी आचार्य यांची मते ऑगस्टीनच्या पंक्तीला येऊन बसतात. अक्वायनस एकाला नुसते 'भाष्यकार' म्हणतो, दुसऱ्याला 'रब्बी मोझेस'. धर्माच्या भिंती ओलांडून विचारांची अशी ये-जा ज्या काळात झाली, त्याच काळात धर्मयुद्धेही चालू होती. ही ये-जा शक्य झाली ती वाक्य त्याच्या धन्यापासून सोडवता आले म्हणून.

परंतु जी क्रिया वाक्याला मुक्त करते तीच त्याला निराधारही करते. याची पहिली लख्ख जाणीव ॲबेलार्डला होती. त्याच्या 'होय आणि नाही' या ग्रंथात १५८ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाखाली आचार्यांची परस्परविरोधी वचने मांडून ठेवली आहेत. निर्णय दिलेला नाही. ग्रंथाचा खरा ठेवा म्हणजे त्याची प्रस्तावना. दोन वचने विरोधी दिसली तर काय करावे, याचे नियम तो तीत देतो : संहिता भ्रष्ट तर नाही, ग्रंथ त्या लेखकाचाच आहे ना, लेखकाने पुढे मत बदलले का, तो स्वतःचे सांगतो आहे की दुसऱ्याचे उद्धृत करतो आहे, एकच शब्द दोघांनी वेगळ्या अर्थांनी वापरला आहे का. हे सारे करूनही विरोध उरलाच तर कोणाचा अधिकार मोठा ते पाहावे. पाठचिकित्सा, कर्तृत्वनिर्णय, शब्दार्थविचार ही जी साधने आज आपण आधुनिक म्हणून मिरवतो, त्यांची ही बाराव्या शतकातील यादी आहे. त्या यादीमागे एक नैतिक गृहीतही आहे : वाक्याचा अर्थ लावण्यापूर्वी ते कोणाचे, कोठले आणि कशासाठी उच्चारलेले, याची चौकशी करणे हे वाचकाचे देणे आहे.

ॲबेलार्डच्या वाट्याला हे देणे आले नाही. ११२१ मध्ये स्वासों येथे त्याला त्रैक्याविषयीचा स्वतःचा ग्रंथ स्वतःच्या हातांनी आगीत टाकावा लागला. नंतर सान्स येथील धर्मसभेत (तिचे वर्ष पूर्वी ११४० मानत, आता ११४१ कडे अभ्यासकांचा कल आहे) क्लेअरव्होच्या बर्नार्डने त्याच्या नावावर एकोणीस विधानांची यादी पुढे केली. ॲबेलार्ड आला होता तो वादविवादाच्या अपेक्षेने. पण आदल्या संध्याकाळीच बिशपांची खाजगी बैठक होऊन त्या विधानांचा निकाल लागला होता. ॲबेलार्डचा शिष्य बेरांजे याने या बैठकीचे विडंबन लिहिले आहे : जेवणानंतर पेंगुळलेले बिशप 'आम्ही निषेध करतो' या लॅटिन क्रियापदाचे पहिले अक्षर गिळतात आणि उरलेल्या शब्दाचा अर्थ होतो 'आम्ही पोहतो'. विडंबनाला पुराव्याचे मोल द्यायचे नसते हे खरे; पण आधी बैठक झाली ही गोष्ट विडंबनातली नाही. ॲबेलार्डने उत्तर न देता रोमकडे दाद मागितली. पुढे त्याने लिहिले की त्या विधानांतली काही आपण कधी केलीच नाहीत आणि ज्या वेच्यांच्या ग्रंथाचा आधार घेतला गेला तो आपला नव्हेच.

त्या यादीतले एक विधान पाहू. ज्यांनी अजाणता ख्रिस्ताला क्रुसावर दिले त्यांनी पाप केले नाही, असे ॲबेलार्ड म्हणतो असा आरोप. 'स्वतःला जाण' या त्याच्या नीतिग्रंथात पाप कृतीत नसते, ज्याचा त्याग करायला हवा त्याला मनाने दिलेल्या संमतीत असते, असे प्रतिपादन आहे, आणि क्रूस देणाऱ्यांचे उदाहरणही आहे. पण तेथे तो 'पाप' या शब्दाचे निरनिराळे अर्थ वेगळे करतो. त्यांपैकी एका काटेकोर अर्थी ते पापी नाहीत, दुसऱ्या व्यापक अर्थी त्यांचे कृत्य पापच, असा त्याचा विवेक आहे. यादीतल्या विधानातून हा विवेक गळाला. म्हणजे वाक्य खोटे नाही, शब्दही बहुतेक त्याचेच, आणि तरीही अभिप्राय त्याचा नाही. शब्द एकच, अर्थ वेगळे, हे तपासावे असे ज्याने शिकवले त्याच्याच बाबतीत ते तपासले गेले नाही.

यानंतर थोड्याच वर्षांनी, ११४८ मध्ये रॅन्स येथे प्वातियेच्या गिल्बर्टवर तशीच वेळ आली तेव्हा चित्र वेगळे दिसले. या प्रसंगाचा वृत्तान्त सॉल्सबरीचा जॉन आणि फ्रायजिंगचा ओटो या दोघांनी लिहून ठेवला आहे. ओटो सांगतो की गिल्बर्टच्या लेखनिकांनी आचार्यांचे मोठमोठे ग्रंथ सभेत आणून ठेवले, तर प्रतिपक्षापाशी काही वचने लिहिलेला एक कागद तेवढा होता. जाडजूड ग्रंथ एका बाजूला आणि चिठोरे दुसऱ्या बाजूला : आपल्या निबंधाच्या विषयाचे याहून बोलके दृश्य मला ठाऊक नाही. बर्नार्डने याही वेळी काही धर्माधिकाऱ्यांना आधी एकत्र जमवले होते, आणि ॲबेलार्डशीही हा असाच वागला होता म्हणून कार्डिनल संतापले, असे जॉन लिहितो. गिल्बर्ट सुटला आणि सन्मानाने आपल्या धर्मप्रांतात परतला. त्याची मते ॲबेलार्डच्या मतांहून कमी धाडसी होती असे नाही. पण त्याने सुट्या वाक्यावर न्याय घ्यायचे नाकारले आणि ते नाकारण्याइतके वजन बिशप म्हणून त्याच्यापाशी होते.

तेराव्या शतकात ही रीत संस्थात्मक झाली. ७ मार्च १२७७ रोजी पॅरिसचा बिशप एतिएन तांपिए याने २१९ विधाने निषिद्ध ठरवली. ती वेचण्यासाठी सोळा धर्मशास्त्र्यांचे मंडळ नेमले होते. विधानांपुढे लेखकांची नावे नव्हती. निर्णयाच्या प्रास्ताविकात मात्र आन्द्रेआस कापेलानुसच्या प्रेमविषयक ग्रंथाचा निर्देश आहे. ज्याच्या तिसऱ्या भागात लेखक आधीच्या दोन भागांतील प्रेमोपदेशाचा स्वतःच धिक्कार करतो, असा तो ग्रंथ.

डेशियाच्या बोएथियसची गोष्ट तर अधिक नेमकी आहे. जगाच्या नित्यतेवरील त्याच्या छोट्या प्रबंधाचा युक्तिवाद असा : प्रत्येक शास्त्र आपापल्या मूलतत्त्वांच्या मर्यादेत बोलते. निसर्गशास्त्राच्या तत्त्वांवरून पाहता जगाला आरंभ होता असे म्हणता येत नाही. पण ही गोष्ट त्या तत्त्वांपुरतीच खरी, निरपेक्षपणे नव्हे. निरपेक्षपणे श्रद्धेचे म्हणणेच खरे. तांपिएच्या यादीतील संबंधित विधान सांगते की निसर्गशास्त्रज्ञाने जगाचा आरंभ 'निरपेक्षपणे' नाकारला पाहिजे. एका क्रियाविशेषणाचा फरक. बोएथियसने जे टाळण्यासाठी सारा प्रबंध रचला, नेमके तेच त्याच्या माथी आले. शांकरभाष्यातला पूर्वपक्ष उचलून तो शंकराचार्यांचा सिद्धान्त म्हणून कोणी सांगू लागला तर आपल्याकडचा पाठशाळेतला विद्यार्थीही हसेल. पॅरिसमध्ये हसण्याची सोय नव्हती. अक्वायनसच्या काही मतांनाही या यादीची झळ पोचली होती; तो संत ठरल्यानंतर, १३२५ मध्ये, त्याला बाधक होईल तेवढ्यापुरता निषेध मागे घेण्यात आला.

याच नगरीत त्याआधी एका संपूर्ण परंपरेवर हा प्रयोग झाला होता. धर्मांतरित निकोलस दोनँ याने तालमुदातून पस्तीस आरोपविधाने काढली. १२४० मध्ये चौकशी झाली आणि काही काळाने हस्तलिखितांच्या गाड्याच्या गाड्या जाळण्यात आल्या. नंतर १२४५च्या सुमारास लॅटिनमध्ये जो मोठा भाषांतरित संग्रह तयार झाला त्याचे नावच 'तालमुदातील वेचे'. तालमुद हा मुळात वाद नोंदवणारा ग्रंथ. एका आचार्याचे मत, त्यावर दुसऱ्याचा आक्षेप, अनेकदा निर्णयाविना. त्यातून वेचलेले वाक्य कोणाचे मानायचे?

विद्यापीठाबाहेरच्या लेखकाची स्थिती आणखी बिकट. मार्गरीत पोरेत ही स्त्री 'साध्या आत्म्यांचा आरसा' हा ग्रंथ फ्रेंचमध्ये लिहिते. काँब्रेच्या बिशपाने तो व्हालँसिएन येथे जाळला, तरी तिने त्याचा प्रसार सोडला नाही. ती पॅरिसमध्ये कैद असताना, एप्रिल १३०९ मध्ये, इन्क्विझिटर गीयोमने ग्रंथातील वेचे एकवीस धर्मशास्त्र्यांपुढे ठेवले. (मराठी वाचकाला 'इन्क्विझिशन' हा शब्द गोव्याच्या इतिहासातून परिचित आहे. ते १५६० मध्ये स्थापन झालेले, पोर्तुगीज राजसत्तेशी बांधलेले न्यायालय. येथे अभिप्रेत आहे ती त्याहून जुनी आणि वेगळी व्यवस्था.) एकवीसही जणांनी ते वेचे पाखंडी ठरवले. मार्गरीतने चौकशीत शपथ घेतली नाही की उत्तर दिले नाही. १ जून १३१० रोजी तिला प्लास द ग्रेव्ह येथे जाळण्यात आले.

तिच्या निषिद्ध विधानांपैकी जी मोजकी आपल्याला ज्ञात आहेत त्यांतले एक असे की ईश्वरप्रेमात लय पावलेला आत्मा निसर्गाला जे हवे ते बोचणीविना देऊ शकतो. वाचताच भुवया उंचावतील असे हे वाक्य. पण ग्रंथात त्याला लागूनच म्हटले आहे की अशा आत्म्याचा निसर्ग प्रेमैक्यामुळे इतका सुव्यवस्थित झालेला असतो की तो निषिद्ध असे काही मागतच नाही. ही पुस्ती वेच्यात नाही. शिवाय हा ग्रंथ संवादरूप आहे. प्रेम, बुद्धी आणि आत्मा ही त्यातली पात्रे. आत्मा काही विलक्षण बोलतो, बुद्धी दचकते, मग प्रेम उलगडा करते. दचकवणे हीच त्याची रीत. उलगडा काढून टाकला की फक्त दचकणे उरते. उपक्रम आणि उपसंहार पाहून तात्पर्य ठरवावे हा मीमांसकांचा दंडक. एकवीस आचार्यांपुढे ठेवलेल्या विधानांना ना उपक्रम होता, ना उपसंहार.

येथे प्रतिपक्षाची बाजू नीट मांडली पाहिजे. नाहीतर आपणही वेचेच काढू. माइस्टर एकहार्टच्या प्रकरणात ती स्पष्ट दिसते. २७ मार्च १३२९च्या पोपच्या आज्ञापत्रात त्याची अठ्ठावीस विधाने आहेत. काही पाखंडी, काही संशयास्पद. एकहार्ट तोवर वारला होता. त्याचा बचाव असा होता की पाखंड ही इच्छेची गोष्ट आहे. माझी चूक होऊ शकेल, पण मी पाखंडी होऊ शकत नाही. परीक्षकांची कसोटी वेगळी होती : शब्द जसे कानी पडतात तसे घ्यायचे. ही कसोटी मूर्खपणाची नव्हे. एकहार्ट सामान्य माणसांपुढे, त्यांच्या जर्मन भाषेत प्रवचने करीत असे. श्रोता घरी नेतो ते वाक्य. त्याभोवतीचे विवेक आणि पोटभेद तो नेत नाही. म्हणजे वेचा काढण्याचे काम परीक्षकाच्या आधी श्रोत्यानेच केलेले असते. उच्चारलेल्या वाक्याचा जगात जो परिणाम होतो त्याची जबाबदारी 'माझा हेतू तसा नव्हता' एवढ्याने झटकता येते काय? ॲबेलार्डची हेतुनिष्ठ नीती इथे अपुरी पडते असे मला वाटते. लेखकाच्या अंतःकरणात डोकावायला परीक्षकापाशी साधन नसते, वाचकापाशीही नसते.

सहानुभूतीने वाचावे, एवढे म्हटल्यानेही प्रश्न सुटत नाही. ऑगस्टीनने शास्त्रार्थाची कसोटी म्हणून प्रीतीच सांगितली होती : ज्या अर्थाने ईश्वर आणि शेजारी यांविषयीची प्रीती वाढते तो अर्थ, लेखकाच्या मनातला नसला तरी, घातक नव्हे. त्याच ऑगस्टीनने ४०८च्या सुमारास, उत्तर आफ्रिकेतील डोनाटसपंथीयांविरुद्धच्या राजशासनाचे समर्थन करताना, लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीच्या दृष्टान्तातून पाहुण्यांना सक्तीने आत आणण्याविषयीचा शब्द उचलला. आणि तेही प्रीतीच्याच नावाने : वाट चुकलेल्याला धाकाने का होईना, परत आणणे हे त्याच्याच हिताचे. त्या शब्दाचे पुढच्या शतकांत काय झाले ते सर्वज्ञात आहे. उलट बाजूने, आचार्यांचे वचन आदरपूर्वक उलगडण्याच्या नावाखाली ते हवे तसे वळवले जाई. प्रमाणवचनाचे नाक मेणाचे असते, हा लीलच्या अलानचा बाराव्या शतकातला विनोद स्कोलॅस्टिकांना चांगलाच ठाऊक होता.

तेव्हा भेद प्रेमळ आणि आकसाच्या वाचनातला नाही. तो मला अन्यत्र दिसतो. लोम्बार्डच्या वेच्यावर व्याख्यान देणाऱ्या तरुणाला समोरच्याचा आक्षेप ऐकावा लागे. त्याने वाक्य वाकवले तर दुसरा कोणी मूळ ग्रंथ काढून ते सरळ करू शकत असे. तेथे वाक्य सुटे होते, पण परतीची वाट उघडी होती. सान्सला, १२७७ मध्ये, मार्गरीतच्या चौकशीत ही वाट बंद केलेली दिसते : ग्रंथ गैरहजर, लेखक निरुत्तर किंवा अनामिक, आणि वाचलेल्याचे रूपांतर तत्काळ निवाड्यात. वेचा काढणे हा दोष नव्हे. ज्याच्या हाती दंड आहे त्याने वेच्यावर थांबणे हा दोष. चार्वाकांचे दर्शन आपल्याला मुख्यतः प्रतिपक्षाच्या पूर्वपक्षांतून ठाऊक आहे, हे आठवणाऱ्या वाचकाला या भेदाची किंमत वेगळी सांगायला नको.

लेखकाचा हेतू बाजूला सारून संहिता वाचण्याचा आधुनिक समीक्षेचा आग्रह या पार्श्वभूमीवर पुन्हा तपासावा लागतो. विमसॅट आणि बियर्ड्स्ली यांचा हेतुविषयक तर्कदोषावरील प्रसिद्ध निबंध १९४६चा. योगायोग असा की इटालियन संशोधिका रोमाना ग्वार्निएरी यांनी 'आरसा' हा निनावी समजला जाणारा ग्रंथ मार्गरीत पोरेतचा असल्याचे दाखवले तेही त्याच वर्षी. तोवर सहा शतके लॅटिन, इटालियन आणि मध्ययुगीन इंग्रजी भाषांतरांतून तो मठांमध्ये वाचला जात होता. लेखिकेचे नाव नसल्यामुळेच वाचला. नवसमीक्षेच्या दृष्टीने हा संहितेच्या स्वायत्ततेचा आदर्शच म्हणायचा. पण 'शब्द जसे कानी पडतात तसे' हीदेखील हेतुनिरपेक्ष वाचनाचीच कसोटी होती, हे विसरता येत नाही. फरक हेतूच्या असण्यानसण्याचा नाही. मठवासीयांच्या हाती संपूर्ण ग्रंथ होता.

संपूर्ण ग्रंथ हाती असलेला आणखी एक वाचक होता. मार्गरीतने आपल्या ग्रंथाविषयी तिघांचे अनुकूल अभिप्राय नोंदवले आहेत. त्यांतला एक फाँतेनचा गॉडफ्रे, पॅरिसमधील धर्मशास्त्राचा नामांकित आचार्य. याच गॉडफ्रेने १२९०च्या दशकात एका जाहीर वादसभेत प्रश्न घेतला होता की १२७७चे निषेध दुरुस्त करण्याचे टाळणारा पॅरिसचा बिशप पाप करतो की नाही. आणि त्या यादीतील काही विधाने परस्परविसंगत व विद्यार्थ्यांच्या प्रगतीला बाधक आहेत असे निर्भीडपणे सांगितले होते. मार्गरीतच्या ग्रंथाविषयी तो वावगे काही बोलला नाही. पण हा ग्रंथ फार जणांनी पाहू नये, असा सल्ला त्याने दिला. पाहणाऱ्यांना तो झेपणार नाही आणि ते आपल्या वाटेवरून ढळतील, ही त्याची भीती. एकहार्टच्या परीक्षकांना पुढे जी चिंता वाटली तीच ही चिंता. तिच्यापोटी गॉडफ्रेने वाचकांची संख्या आवरायला सुचवले. ग्रंथाला हात लावला नाही आणि एकही वाक्य बाहेर काढले नाही.